गाडीतली सीओटूची टाकी: बसवायची कशी, वापरायची कशी आणि उन्हात तिचं काय होतं

चिखलात किंवा वाळूत शिरण्याआधी टायरची हवा १५ पीएसआयपर्यंत सोडायची आणि डांबर लागलं की परत ३० वर न्यायची, हे थार, जिम्नी किंवा जिप्सीवाल्यांना सांगायला नको. हवा सोडायचं काम झटपट होतं, भरायचं रखडतं. बॅटरीला चिमटे लावून चालणारा साधा कॉम्प्रेसर चार टायरना पंधरा-वीस मिनिटं सहज घेतो, मध्येच तापून बंद पडतो, आणि मागच्या गाड्या ताटकळत उभ्या राहतात. त्यावरचा जुना अमेरिकी उपाय म्हणजे गाडीत बसवलेली कार्बन डायऑक्साइडची, म्हणजे सीओटूची छोटी टाकी. एक टायर अर्ध्या-पाऊण मिनिटात भरतो, बॅटरीला हात लावावा लागत नाही, आणि त्याच टाकीवर चाकाचे नट झटक्यात सोडणारा इम्पॅक्ट रेंचही चालतो.

आपल्याकडेही आता काही गाड्यांत ही टाकी दिसते. पंचाईत एवढीच, की तिच्याबद्दलची बहुतेक माहिती अमेरिकी हवामान आणि अमेरिकी कायदा धरून लिहिलेली असते. ती जशीच्या तशी उचलली तर दोन-तीन ठिकाणी चांगलीच महागात पडू शकते. त्यातलं सगळ्यात मोठं ठिकाण म्हणजे आपलं ऊन.

टाकीत असतं काय

या टाकीत दाबून भरलेली हवा नसते, द्रव असतो. घरच्या एलपीजीच्या टाकीसारखंच हे प्रकरण: खाली द्रव, वर त्याचीच वाफ, आणि आपण वरची वाफ काढून घेतो. वाफ काढली की खालचा थोडा द्रव उकळून तिची जागा भरतो. म्हणून ठरावीक तापमानाला दाब जवळपास तेवढाच राहतो, टाकी भरलेली असो की पाव उरलेली. २० अंशांना हा दाब साधारण ५७ बार, म्हणजे ८३० पीएसआयच्या आसपास असतो. शून्य अंशाला ३५ बार, उणे १० ला २६ बार.

यातून एक गोष्ट लगेच निघते. टाकीकडच्या गेजवरून किती गॅस उरलाय ते कळत नाही. द्रव आहे तोवर काटा फारसा हलत नाही आणि एकदा द्रव संपला की भराभर खाली येतो. उरलेला गॅस मोजायचा तो वजनावर. व्हॉल्व्हजवळच्या खांद्यावर रिकाम्या टाकीचं वजन ठोकलेलं असतं. पाचशे रुपयांच्या आतबाहेर मिळणारा डिजिटल ताणकाटा घ्या, रेग्युलेटर काढून टाकी लटकवा, ठोकलेलं वजन वजा करा. उरलं ते गॅसचं वजन.

आता हिशेब. एक किलो सीओटूचा बाहेरच्या दाबाला साधारण ५४५ लिटर वायू होतो. साडेचार किलो गॅस मावणाऱ्या टाकीत पाण्याच्या मापाने जेमतेम पावणेसात लिटर जागा असते, पण तिच्यातून २,४५० लिटर वायू निघतो. तेवढ्याच टाकीत २०० बारने साधी हवा कोंबली तरी १,३५० लिटरच्या वर जात नाही. सीओटू वापरायचं कारण हेच.

थारच्या २५५/६५ आर १८ टायरमध्ये आतली जागा अंदाजे ६५ लिटर धरा. १५ वरून ३० पीएसआयला न्यायचं म्हणजे साधारण एक बार वाढवायचा, म्हणजे आणखी ६५ लिटर वायू, म्हणजे १२० ग्रॅम. चार टायरना अर्धा किलो. साडेचार किलोच्या टाकीत कागदावर नऊ वेळा चारही टायर भरतात. पाइपमधला गॅस दर वेळी वाया जातो आणि शेवटी दाब पडतो, म्हणून प्रत्यक्षात सात-आठ वेळा धरा. जिम्नीचा १९५/८० आर १५ टायर त्याहून बराच लहान, त्याला ७५ ग्रॅम पुरतात. जिम्नीवाल्याने दोन दिवसांच्या फेरीसाठी साडेचार किलोचं धूड वाहू नये. दोन किलोची टाकी भरपूर झाली.

३१ अंशांची रेषा

वर सांगितलेलं "दाब तेवढाच राहतो" हे ३१ अंशांपर्यंतच खरं. त्या तापमानाच्या वर सीओटूत द्रव आणि वाफ असा भेदच उरत नाही. सगळा मिळून एकच दाट पदार्थ होतो, आणि मग दाब किती वाढेल हे टाकीत किती वजन कोंबलंय त्यावर ठरतं. आता, आपल्याकडे वर्षातले किती महिने बंद गाडीच्या आत ३१ पेक्षा कमी तापमान असतं?

आणखी एक बारकावा आहे. सीओटूचा द्रव तापला की भलताच फुगतो. टाकीत जेवढं पाणी मावेल त्याच्या वजनाच्या दोन-तृतीयांश वजनाएवढा गॅस भरण्याची पद्धत आहे. पावणेसात लिटरच्या टाकीत साडेचार किलो ते याच हिशेबाने. अशी टाकी २७-२८ अंशांनाच द्रवाने काठोकाठ भरते, वर वाफेला जागाच राहत नाही. त्यापुढे दाब झपाट्याने चढतो. अशा पूर्ण भरलेल्या टाकीत ४० अंशांना अंदाजे १०७ बार, ५० ला १४० आणि ६० ला १७० बारच्या थोडा वर दाब असतो. अमेरिकी १८०० पीएसआयच्या टाक्यांवर जी सुरक्षा चकती असते, म्हणजे जास्त दाब झाला की फाटून गॅस सोडून देणारी पातळ धातूची चकती, ती ३००० पीएसआयची, म्हणजे सुमारे २०७ बारची असते आणि त्याच्या थोडं आधीही फाटू शकते. हिशेब केला तर ६५ ते ७० अंशांच्या दरम्यान ती जाते.

नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात उन्हात काचा लावून उभ्या केलेल्या गाडीच्या आत ६० अंश सहज होतात. म्हणजे नियमानुसार भरलेली टाकीसुद्धा मर्यादेच्या फार लांब नसते. आता समजा भरणाऱ्याने "घ्या साहेब, थोडा जास्तच घातलाय" म्हणत अर्धा किलो जादा भरला. पाच किलो झाले. तीच चकती आता ५५ ते ६० अंशांनाच फाटेल. या बाबतीत उदार माणूस शत्रूपेक्षा वाईट.

उलट बाजूनेही हे गणित चालतं. साडेचारच्या टाकीत चारच किलो भरून घेतले तर ६० अंशांना दाब १४७ बारच्या आसपास राहतो, म्हणजे २५ बारची उसंत मिळते. अर्धी रिकामी टाकी तर त्याच उन्हात १०५-११० बारवरच थांबते. म्हणून आमचं सरळ मत: ऑक्टोबर ते फेब्रुवारी हवं तर पूर्ण भरा, मार्चपासून पाऊस पडेपर्यंत दहा-बारा टक्के कमी भरून घ्या. एक फेरी कमी होईल, एवढंच.

चकतीच्या जागी बोल्ट मारायचा विचार कुणाच्या डोक्यात येत असेल तर त्याने टाकी विकून टाकावी. चकती फाटणं हा त्रास आहे, टाकी फाटणं हा मृत्यू आहे.

कोणती टाकी, आणि कोणती नाही

अ‍ॅल्युमिनियमची टाकी हलकी, गंजत नाही, गाडीसाठी तीच बरी. पोलादी टाकी स्वस्त आणि दणकट, पण बरीच जड, आणि आत ओल शिरली की सीओटू आणि पाणी मिळून आम्ल होतं, ते आतून खातं.

आग विझवण्याचं सीओटूचं सिलिंडर मात्र कधीही वापरू नका. साडेचार किलोचं हे सिलिंडर प्रत्येक ऑफिसच्या जिन्यात लटकलेलं असतं, जुन्या बाजारातही मिळतं, म्हणून मोह होतो. त्याच्या आत व्हॉल्व्हपासून तळापर्यंत एक नळी गेलेली असते. आगीवर द्रवच फेकायचा असतो, त्यासाठी ती सोय. त्याला रेग्युलेटर लावला तर वाफेऐवजी थेट द्रव रेग्युलेटरमध्ये घुसतो, तिथे दाब पडला की त्याचा उणे ७८ अंशांचा कोरडा बर्फ होतो, पडदा तडकतो किंवा अडकतो आणि पूर्ण दाब पुढच्या पाइपात जातो. जुनी टाकी घेताना आधी विचारा की आत नळी आहे का. विकणाऱ्याला सांगता येत नसेल तर ती घेऊ नका.

कायद्याची बाजू थोडक्यात. आपल्याकडे दाबाखालच्या गॅसची सिलिंडरं गॅस सिलिंडर नियम, २०१६ खाली येतात आणि त्यांचा कारभार पेसो ही केंद्र सरकारची संस्था पाहते. तिचं मुख्यालय नागपूरलाच आहे. या नियमांनुसार मंजुरी नसलेलं सिलिंडर भरता येत नाही आणि भरण्याचं काम परवानाधारकच करू शकतो. परिणाम असा, की परदेशातून हौसेने आणलेली चकचकीत टाकी इथे भरून देणारा मिळत नाही, आणि कुणी विनाचौकशी भरून देत असेल तर तो बाकीच्या गोष्टींतही तसाच असणार. इथे मंजूर असलेली, शिक्के स्पष्ट वाचता येणारी टाकीच घ्या. मोठ्या सिलिंडरमधून छोट्यात घरच्या घरी गॅस ओतायचे व्हिडिओ भरपूर आहेत. ते बेकायदा आहे, आणि वजन न बघता केलं तर वर सांगितलेला जादा भरण्याचा धोका तिथेच जन्म घेतो.

बसवायची कुठे

टाकी उभी हवी, व्हॉल्व्ह वर. गाडी उतारावर तिरकी झाली तरी द्रव व्हॉल्व्हपर्यंत पोचता कामा नये. आडवी टाकी म्हणजे पुन्हा द्रव रेग्युलेटरमध्ये. जागेअभावी कललेली बसवावी लागली तर कल जितका कमी तितका बरा, आणि वापरताना टाकी काढून जमिनीवर उभी करायची सवय ठेवा.

जागा निवडताना आधी कुठे नको ते ठरवा. मागच्या दाराला नको, कारण तिथे आधीच स्टेपनीचं वजन बिजागऱ्या ओढत असतं आणि मागून धडक बसली की पहिला मार तिथेच बसतो. बंपरवर नको, कारण तेच. सायलेन्सरच्या वरच्या पत्र्यावर नको. इंजिनच्या बाजूला तर प्रश्नच नाही. छतावरच्या कॅरिअरवर उन्हाचा मार आणि वजन दोन्ही चुकीच्या जागी जातात.

राहतात दोन जागा: मागच्या सीटच्या मागे चाकाच्या कमानीला लागून असलेला कोपरा, किंवा रोल केज (गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणारा पाइपांचा सांगाडा) असेल तर तिचा उभा पाइप. पाइपावर क्लॅम्प लावायला सोपं, छिद्र पाडावं लागत नाही. पण कंपनीने दिलेला सजावटी बार आणि खरा रोल केज यात फरक आहे. दोन बोल्टांवर उभ्या असलेल्या पातळ बारवर टाकी टांगू नका.

किती मजबुती हवी? अ‍ॅल्युमिनियमची साडेचार किलोची टाकी भरलेली असताना रेग्युलेटरसकट अकरा-बारा किलो होते. सीएनजी कारच्या टाकीच्या बैठकीला युरोपीय नियमानुसार प्रवासाच्या दिशेने २० जी (म्हणजे टाकीच्या वजनाच्या वीसपट ओढा) आणि आडव्या दिशेने ८ जी सोसावे लागतात. तोच मापदंड धरला तर धडकेच्या क्षणी तुमच्या ब्रॅकेटवर सव्वादोनशे-अडीचशे किलोचा ओढा येणार. सामान बांधायची लवचीक दोरी, वेल्क्रोचा पट्टा, प्लॅस्टिकची झिप टाय, यांतलं काहीही त्यापुढे टिकत नाही, आणि सुटलेली टाकी कुणाच्या डोक्याच्या दिशेने जाईल हे सांगायला नको.

म्हणून असं करा. तळाला वजन पेलणारी वाटी किंवा कोनाचा टेकू, आणि अंगाला दोन पोलादी पट्टे: एक उंचीच्या पावभागावर, दुसरा पाऊणभागावर. एकाच पट्ट्यावर टाकी भोवऱ्यासारखी फिरत खाली सरकते. पट्ट्याच्या आत २-३ मिलिमीटरचं रबर. अ‍ॅल्युमिनियम आणि पोलाद उघडे एकमेकांना टेकले आणि मध्ये पावसाचं पाणी राहिलं, त्यातून कोकणची खारी हवा असली, की अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी बुरशीसारखी खरवड येते आणि खाली खड्डे पडतात. वर्षातून एकदा पट्टे सोडून खालचा भाग बघा.

गाडीचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा असतो. नुसता वॉशर टाकून बोल्ट कसला तर ओढ्याला बोल्ट वॉशरसकट पत्र्यातून बाहेर येतो. पत्र्याच्या खालून ५० बाय ५० मिलिमीटरची, ३ मिलिमीटर जाडीची पट्टी प्रत्येक बोल्टला द्या, किंवा दोन बोल्टांना मिळून एक लांब पट्टी. बोल्ट ८ मिलिमीटरचे, डोक्यावर ८.८ छापलेले, कमीत कमी चार, नायलॉकच्या (आत नायलॉनचं कडं असलेल्या, सहज सैल न होणाऱ्या) नटासह. कसायचं सुमारे २५ न्यूटन मीटरला. छिद्र पाडण्याआधी खाली झोपून बघा: ब्रेकची नळी, डिझेलची टाकी आणि वायरिंग यांतलं काही त्या रेषेत नाही ना. छिद्राच्या कडांना प्रायमर लावा, नाहीतर दोन पावसाळ्यांत गंजाने छिद्र मोठं होतं. शंभरेक किलोमीटर खडबडीत रस्त्यावर चालवून बोल्ट पुन्हा तपासा. टाकीला स्वतःला मात्र वेल्डिंग, छिद्र, घासणं, काहीही नाही.

व्हॉल्व्हवर आणि रेग्युलेटरवर पाइपची गोल गार्ड हवी. मागे टाकलेला जॅक उसळून व्हॉल्व्हवर आपटला तर काय होईल याचा विचार करा. सुरक्षा चकतीचं तोंड सीटकडे नको, मागे किंवा बाहेरच्या बाजूला हवं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: ब्रॅकेट कायमचं बसवा, टाकी कायमची ठेवू नका. एका झटक्यात सुटणारं ओव्हरसेंटर क्लॅम्प घ्या. फेरी संपली की टाकी घरी, सावलीत, उभी, भिंतीला साखळीने बांधून. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीत ती उन्हात भाजत ठेवण्याचा काहीही फायदा नाही.

रेग्युलेटर आणि पाइप

वेल्डिंगच्या दुकानात सीओटूचा म्हणून जो रेग्युलेटर मिळतो तो बहुतेकदा फ्लोमीटरवाला असतो. तो दाब नाही, प्रवाह ठरवतो, मिनिटाला १०-२५ लिटर. थारच्या एका टायरला तीन ते सहा मिनिटं. मग कॉम्प्रेसरने काय घोडं मारलं होतं? सोडा मशीनचा रेग्युलेटरही कमी दाबाचा आणि मंद. आपल्याला हवा सीओटूसाठीच बनवलेला, ० ते १५० पीएसआय किंवा त्याहून जास्त दाब देणारा, जास्त प्रवाहाचा रेग्युलेटर, ज्याच्या बाहेरच्या बाजूला स्वतःचा सेफ्टी व्हॉल्व्ह आहे.

टाकीच्या तोंडाचे आटे देशागणिक बदलतात. अमेरिकेत सीओटूला सीजीए ३२० जोडणी असते, ती इथल्या व्हॉल्व्हला बसत नाही. टाकी घेऊन दुकानात जा आणि तिथेच रेग्युलेटर बसवून बघा. बसत नसेल तर जबरदस्ती नको आणि टेफ्लॉन टेपही नको. या जोडात गळती आटे थांबवत नाहीत, मधला सपाट नायलॉनचा वॉशर थांबवतो. टेप लावली की वॉशर नीट दाबला जात नाही आणि टेपचे तुकडे रेग्युलेटरात जातात. वॉशर दर वेळी टाकी भरून आणल्यावर बदला, आणि चार-पाच जादा गाडीत ठेवा. मोक्याच्या क्षणी हरवणारी वस्तू हीच असते.

पाइप ३०० पीएसआयचा, आतून ८ मिलिमीटर, सात-आठ मीटर लांब. टाकी मागच्या डाव्या कोपऱ्यात असेल तर पुढच्या उजव्या चाकापर्यंत पोचायला एवढा लागतोच. रबरी पाइप गारठ्यात लवचीक राहतो, स्वस्त पीयू पाइप ताठरतो. टोकाला गेज असलेली हवा भरायची गन. क्विक कपलरवर धूळटोप्या हव्यात, नाहीतर पहिल्याच चिखलात तो गच्च बसतो.

वापरायचा क्रम

रेग्युलेटरची दांडी उलटी फिरवून पूर्ण सैल करा. गेजच्या समोर उभे राहू नका, बाजूला राहा. टाकीचा व्हॉल्व्ह आधी किंचित, मग हळूहळू पूर्ण उघडा. आता दांडी कसत १०० पीएसआयवर आणा. गन टायरला लावा. गॅस जात असताना गेज वाचू नका, तो पाइपमधला दाब दाखवतो. ट्रिगर सोडा, काटा थांबू द्या, मग वाचा.

काम झालं की टाकीचा व्हॉल्व्ह आधी बंद करा, मग ट्रिगर दाबून पाइप रिकामा करा, मग दांडी सैल करा. हा क्रम उलटा झाला तर पाइपात गॅस अडकून राहतो. त्यात चुकून द्रव असेल तर दोन बंद तोंडांमध्ये तापून तो पाइप फोडतो.

ताजी, पूर्ण भरलेली टाकी उन्हाळ्यात उघडली तर पहिला झोत नेहमीपेक्षा दाट आणि गार येतो. कारण वर पाहिलंच: आत वाफेला जागा नसते. अशा वेळी पहिल्या टायरला दहा-दहा सेकंद भरा, मध्ये थांबा. शंभरेक ग्रॅम गॅस गेला की टाकी माणसात येते. सलग भरत राहिलात तर रेग्युलेटरवर पांढरं दव जमतं. ते दिसलं तर घाबरायचं नाही, पण बाहेरचा दाब आपोआप चढायला लागला, किंवा दांडी न फिरवता काटा हलू लागला, तर आत बर्फ अडकलाय असं समजा. व्हॉल्व्ह बंद, पाच मिनिटं विश्रांती. गरम पाणी ओतायची घाई करू नका, लायटर तर नाहीच. ओला हात त्या पांढऱ्या धातूला लावला तर कातडी चिकटते, म्हणून कामाचे हातमोजे घाला.

टायरमध्ये गेलेला गॅस गार असतो. आत्ता ३० दाखवतोय तो पंधरा-वीस मिनिटं गाडी चालल्यावर ३२ दाखवेल. म्हणून २९ वर थांबा आणि पुढच्या चहाला पुन्हा तपासा. आणखी एक: सीओटू रबरातून हवेपेक्षा लवकर झिरपतो. टायरला अपाय काही नाही, पण घरी आल्यावर आठवड्याभरात दोन-तीन पीएसआय उतरलेले दिसले तर पंक्चर शोधत बसू नका, साधी हवा भरून टाका.

इम्पॅक्ट रेंच आणि रिमवरून उतरलेला टायर

अर्ध्या इंचाचा इम्पॅक्ट रेंच ९० पीएसआयला चालताना मिनिटाला १२०-१५० लिटर खातो. एका नटाला पाच सेकंद धरले तर वीस-बावीस ग्रॅम. पाच नट सोडणं आणि लावणं मिळून पाव किलो. सीओटू अगदी कोरडा असतो, म्हणून आधी रेंचच्या तोंडात तेलाचे चार थेंब. शेवटचा कस मात्र हातानेच द्या.

कमी हवेत दगडावरून उतरताना टायरचा बीड (रिमला घट्ट बसणारी, आत तार असलेली कड) रिमवरून सुटला, तर या टाकीचा खरा उपयोग होतो, कारण कॉम्प्रेसरला तेवढा झोत देता येत नाही. जॅकवर चाक उचला, बीड आणि रिममधली माती-खडे पूर्ण काढा, साबणाचं पाणी लावा, व्हॉल्व्हची पिन काढा, टायरच्या घेरावर रॅचेटचा पट्टा आवळा, मग झोत सोडा. बीड बसल्याचे दोन फटाक्यासारखे आवाज येतात. ते ४० पीएसआयपर्यंत आले नाहीत तर थांबा, हवा सोडा, पुन्हा साबण लावून पहिल्यापासून करा. दाब वाढवत राहिलं तर बीडची तार तुटते आणि टायर रिमसकट उडतो. पेट्रोल शिंपडून काडी लावायचा खेळ इथे करायचं कारणच नाही.

सीओटू मिळाला नाही म्हणून ऑक्सिजनचं सिलिंडर जोडायची कल्पना वेल्डिंगवाल्यांकडे कधी कधी निघते. शुद्ध ऑक्सिजन आणि ग्रीस-तेल एकत्र आले की ठिणगीचीही गरज लागत नाही. इम्पॅक्ट रेंचमध्ये तेल आहे, हे आत्ताच सांगितलं.

काचा उघड्या ठेवा

थार-जिम्नीच्या आत हवेची जागा अंदाजे तीन घनमीटर. त्यात सव्वादोनशे ग्रॅम सीओटू गळला की प्रमाण चार टक्क्यांवर जातं, आणि ती पातळी जिवाला तत्काळ धोकादायक मानतात. दहा टक्क्यांना माणूस बेशुद्ध पडतो. सीओटूला वास नाही, तो हवेच्या दीडपट जड, खाली साचतो. मागच्या सीटवर झोपलेलं मूल सगळ्यात खाली असतं. टाकी आत असताना एसी आतलीच हवा फिरवणाऱ्या बटणावर ठेवू नका, एक काच बोटभर उघडी ठेवा. डोकं जड, धाप, उगाच घाम अशी लक्षणं दोघांना एकदम जाणवली तर गाडी थांबवा, सगळी दारं उघडा आणि उतरा. गाडीतच रात्र काढणार असाल तर टाकी बाहेर, चाकाला बांधून.

ही टाकी आग विझवायच्या सिलिंडरची जागा घेत नाही. पावडरचं छोटं सिलिंडर वेगळं हवंच.

भरून आणताना

आग विझवणाऱ्या सिलिंडरांची सेवा देणारे, वेल्डिंग गॅसचे वितरक आणि सोडा-पेयांना गॅस पुरवणारे, या तिघांकडे चौकशी करा. ओला गॅस रेग्युलेटरात बर्फ करतो, म्हणून खाद्य दर्जाचा मिळाला तर चार पैसे जास्त द्या. भरताना टाकी काट्यावर असलीच पाहिजे. नुसत्या दाबावर भरून देणाऱ्याकडून उठून या. बदलून दुसरं सिलिंडर देतो म्हणाले तर नकार द्या, तुमची चांगली टाकी जाते आणि कुणाचं तरी खड्डे पडलेलं सिलिंडर पदरात येतं.

खांद्यावरची तपासणीची तारीख बघा. पाण्याच्या दाबाची चाचणी दर पाच वर्षांनी लागते, तारीख उलटली असेल तर प्रामाणिक भरणारा हात लावणार नाही. खोल खाच, फुगवटा किंवा आगीने रंग काळवंडलेला असेल तर चाचणीचीही वाट पाहू नका. टाकी पूर्ण रिकामी करून व्हॉल्व्ह उघडा टाकू नका, थोडा दाब राहू द्या म्हणजे ओल आत जात नाही.

घरी आणल्यावर व्हॉल्व्ह, चकती आणि रेग्युलेटरच्या जोडांवर भांड्याच्या साबणाचा फेस लावा आणि दोन मिनिटं बुडबुडे शोधा. मग रेग्युलेटर काढून वजन करा, आकडा आणि तारीख टेपवर लिहून टाकीला चिकटवा. आठवड्याने पुन्हा लटकवा. वीस-तीस ग्रॅमचा फरक काट्याचा असू शकतो. शंभर ग्रॅम कमी दिसले तर व्हॉल्व्ह गळतोय, आणि तो बदलायचं काम भरणाऱ्याकडे, टाकी पूर्ण रिकामी करून.